अंकुशची रेघ

बीडच्या बसस्थानकावर परळीच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तेव्हा आमच्या जुन्या संघातल्या विठ्ठलचा फोन आला. "अंकुश गेला, बे." मी विचारलं, "कुठं?" ...असा खुळ्यासारखा प्रश्न. सकाळी मैदानावरच त्याच्या छातीत कळ आली होती. मी त्यालाच भेटायला निघालो होतो, हे विठ्ठलला सांगायचं राहूनच गेलं.

अंकुश आणि मी परळीच्या शाळेत आणि पुढे कॉलेजात एकाच संघातून फुटबॉल खेळलो. क्रिकेट-कबड्डीच्या गावात लोक आम्हाला "आले लाथाडे" म्हणायचे. तो गोलकीपर, मी त्याच्या पुढे बचावाला. वीज केंद्राची राख रात्रभर मैदानावर उतरायची आणि सकाळी आदल्या दिवशीच्या पावलांचा मागमूस नसायचा. सामन्याआधी अंकुश गोलच्या मधोमध उभा राहून टाचेनं पुढे एक सरळ रेघ ओढायचा. मागे न बघता गोलचा मध्य कळतो, असं त्याचं म्हणणं. मग आवाज यायचा, "तू फुडं बघ. मागं हाय मी." खेळताना मी कधी मागे वळलोच नाही. पुढे माझी नोकरी गेली, बायको आजारी पडली, तेव्हाही फोनवर त्याचं हेच वाक्य असायचं. हट्टी माणूस होता, पण माया करावी तर त्यानंच.

नंतर त्यानं टायरचं दुकान टाकलं आणि सकाळ-संध्याकाळ कॉलेजच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवू लागला. त्याची मुलगी श्रद्धा त्याच्यासारखीच गोलकीपर. तो गेला आणि तिनं खेळणंच सोडलं. विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर आलेली, पण "काका, बाबांच्या जागी मी उभी न्हाई राहणार," एवढंच म्हणाली. तिला समजवायचं कुणी आणि कसं, कुणाला काही सुचेना.

तेराव्यानंतर आम्ही जुन्या गड्यांनी त्याच्या आठवणीत कॉलेजच्या पोरांशी सामना ठेवला. मान म्हणून आमचा गोल रिकामा ठेवायचा, खांबाला अंकुशचे हातमोजे बांधायचे आणि पहिला गोल झाला की विठ्ठलनं तिथं उभं राहायचं, असं ठरलं. गोल लगेचच होईल, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मैदानावर पोचलो तर सगळीकडे राखेचा सपाट थर... आणि गोलच्या मधोमध टाचेची रेघ, आत्ताच ओढल्यासारखी. तो गेल्यापासून तिथं कुणी खेळलं नव्हतं. "एकाच जागी टाच घासून खोल चर पडला आसंल," विठ्ठल म्हणाला. मला ते पटलं नाही. त्यालाही पटलं नसावं.

सामना सुरू झाला. आमचे पाय आता कसले चालतायत? पोरं सारखी गोलपाशी येत होती. एकाचा चेंडू खांबाला लागून परतला. दुसऱ्यानं अगदी समोरून मारलेला वरून गेला. तिसरा अंकुशच्या रेघेपर्यंत आला आणि तिथंच थांबला. पोरं मुद्दाम चुकवतायत म्हणून आम्ही आधी हसलो, मग त्यांचे चेहरे पाहिले. त्यांचा कॅप्टन माझ्याजवळ आला. "काका, आमी खरंच मारायलोत. कावून जात न्हाई?" पाठीमागे कुणीतरी उभं आहे, याची मला पुरती खात्री होती आणि वळून बघायचा धीर होत नव्हता. ज्याच्या जिवावर जन्मभर पुढे बघितलं, त्याचीच आता भीती वाटत होती. या भीतीचंच फार वाईट वाटलं.

तेवढ्यात कडेला बसलेली श्रद्धा उठली. खांबाचे हातमोजे सोडून तिनं हातात घातले. तिला ते ढगळ होत होते. "बाबा, सरका आता," ती हळूच म्हणाली आणि गोलमध्ये उभी राहिली.

पहिलाच चेंडू तिच्या हाताखालून आत गेला. मी पहिल्यांदा मागे वळलो. चेंडू छातीशी धरून ती हमसून रडत होती. "गेले बाबा," म्हणाली. माझ्यासाठीही अंकुश त्या क्षणी गेला, फोन आला तेव्हा नव्हे.

मग तिनं डोळे पुसले. गोलच्या मधोमध आली आणि जुन्या रेघेवरूनच टाचेनं आपली रेघ ओढली. मी अजून तसाच बघत उभा होतो.

"फुडं बघा ना, काका," ती म्हणाली. "मागं हाय मी."