खिडकीतून आलेली वायर

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, तसं आमच्या आईच्या बोटांना उसंत राहिली नाही. दर रविवारच्या टेस्टचा पेपर तीच टाईप करायची, तेही अंगणात, पत्र्याच्या शेडखाली बसून. किल्लारीच्या भूकंपात तिची आई माहेरच्या मातीच्या माळवदाखाली गाडली गेली. तेव्हापासून ही घरात कामापुरती जायची, पण बसायची न्हाई. उन्हात पत्र्याखाली सीपीयू तापून बंद पडायचा, म्हणून तो आतल्या खोलीत ठेवलेला आणि मॉनिटर, कीबोर्ड बाहेर. मधे खिडकीतून ओढलेल्या लांबलचक वायरी. आम्हाला त्यात काही नवल वाटत नव्हतं.

मी तेव्हा नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होते. क्लासवाल्यांच्या पेनड्राईव्हमधून आलेल्या व्हायरसनं आईचे पेपर खाल्ले, आणि मी विंडोजच्या जागी टाकायला लिनक्सची सीडी घेऊन मोठ्या तोऱ्यात घरी आले. इन्स्टॉल झकास झालं. पण पडद्यावरची अक्षरं ही भली थोरली! पानाची उजवी बाजू पडद्याबाहेर. प्रश्नाचे पर्याय अ, ब, क दिसायचे, ड गायब.

"इंजिनेर बाई, माझा ड कुठं नेलास?" आई म्हणाली.

ती हसत होती, पण क्लासचे सर दारात उभे राहून सांगून गेले होते, "ताई, या रविवारचा पेपर चुकला तर चौकातल्या डीटीपीवाल्याला द्यावा लागंल मला." आमचं घर त्या टायपिंगवर चालायचं.

पडद्याचं माप, म्हणजे रिझोल्यूशन, वाढवलं की अक्षरं बारीक होऊन पान मावतं, पण सेटिंगमध्ये मोठ्या मापाचं नावच नव्हतं. मी ड्रायव्हर बदलला, फाईली उकरल्या, एकदा तर पडदाच काळा करून ठेवला. सीनियरला फोन लावला, तो म्हणाला, "पुन्हा इन्स्टॉल कर." काय दिवे लावले! मी चिडून कीबोर्ड आपटला, तर आई म्हणाली, "त्याला कशाला मारायलीस?"

शेवटी आतबाहेर हेलपाटे घालून पाय दुखले, म्हणून मॉनिटर उचलला आणि आतच नेऊन सीपीयूला सरळ जोडला. चालू केला, तर पडदा स्वच्छ. चारही पर्याय एका ओळीत!

मग ट्यूब पेटली. आपल्याला पडद्याची कोणकोणती मापं जमतात, हे मॉनिटर वायरीतूनच कॉम्प्युटरला सांगतो. आमच्या त्या स्वस्तातल्या लांब वायरीत नेमकी हा निरोप नेणारी तारच नव्हती; जुन्या विंडोजचं तिच्यावाचून अडत नव्हतं, लिनक्सचं अडलं. सगळं उचकून पाहिलं मी, फक्त ती वायर सोडून. ती तर घराचाच भाग झाली होती.

"आई, झालं! ये, आत बस."

"बाहेर आन की."

"बाहेर नाही चालत. वायर खराब हाय. दुसरी हैदराबादहून मागवावी लागंल, तोवर रविवार जाईल. पेपर पाहिजे का न्हाई?" मी ओरडलेच.

ती उठली. आली, खुर्चीत बसली, टाईप करू लागली. एक ओळ, मग वर स्लॅबकडे नजर. मग दुसरी ओळ. "दार उघडं हाय ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हाव, उघडंच हाय." तिच्या हातून पडलेला कागद उचलायला मी वाकले आणि टेबलाखाली तिचे पाय दिसले. पायात चपला होत्या.

जन्मात कधी उंबऱ्याच्या आत चप्पल आणली नव्हती या बाईनं. आम्ही आणली तर घर डोक्यावर घ्यायची. आज ती पळायच्या तयारीनं बसली होती.

"ऊठ," मी म्हटलं आणि मॉनिटर उचलला.

बाहेर नेऊन त्याच वायरीला जोडला. मग मॉनिटरच्या माहितीपुस्तकातले आकडे पाहून त्याची मापं मीच फाईलीत लिहिली. वायर सांगत नाही ना, मग आपण सांगू. पहिल्यांदा पडदा थरथरला, मी शिव्या घातल्या. आकडे दुरुस्त केले आणि पुन्हा चालू केलं, तेव्हा चारही पर्याय पत्र्याखाली हजर.

आई चपला बाजूला सारून मांडी घालून बसली. तिची बोटं पुन्हा नेहमीसारखी धावू लागली.

"काय बिघडलं होतं?" तिनं विचारलं.

"वायर."

"मग काढली का न्हाईस?"

"राहू दे," मी म्हटलं. "तू बस."