आंबोळी नको म्हटल्यावर

पाव बंद झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, आपण किती पाव खातो ते. सकाळी चहाबरोबर पाव, ऑफिसच्या कँटीनमध्ये वडापाव नाहीतर उसळपाव, संध्याकाळी घरी येताना पोटात कावळे ओरडायला लागले की खारी, टोस्ट, बटर. ही पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. भांडुपला एका चाळीत आम्ही दीड खोलीत राहायचो: मी, नवरा आणि सासूबाई. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

माझ्या अंगावर पित्त उठायचं. पाठीवर, पोटावर लाल लाल गांधी, आणि खाज अशी की टायपिंग करता करता मी खुर्चीच्या पाठीला पाठ घासत बसायची. मुलुंडच्या त्वचेच्या डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मी टाइपरायटरवरच पेंगायला लागले. मग ते म्हणाले, "दोन-तीन महिने यीस्ट बंद करून बघू. बेकरीतलं काही नको. आंबवलेलंही नको. इडली, डोसा, ढोकळा, जिलबी, सगळं बंद."

"मग खायचं काय?"

"बाकी सगळं खा की."

बाकी सगळं! म्हणायला काय जातं? बाकी सगळं कुणीतरी उठून करावं लागतं, आणि आमच्या घरात ते कुणीतरी म्हणजे मीच होते. पाचला नळ यायचा, सहाला जायचा. त्यात पाणी भरा, दोन डबे करा, आठच्या आत घर सोडा. पोळी-भाजीचं ठीक होतं, ती तशीही करतच होते. पण चहाबरोबर काय? चार वाजता काय? सात वाजता जीव कासावीस होतो तेव्हा काय? पाव म्हणजे न करता मिळणारं खाणं होतं. ते गेलं आणि दिवसभर डोक्यात खाण्याचाच विचार घोळायला लागला. कंटाळा आला होता मला, खरं सांगते. खाजेपेक्षा त्या विचाराचा जास्त.

ऑफिस घाटकोपरला. तिथल्या फरसाणवाल्याला एकदा विचारलं, "यात यीस्ट आहे का हो?" तो एकदम दुखावलाच. "बेन, प्योर व्हेज है. अंडा-बिंडा अपने यहाँ कुछ नहीं." मी म्हटलं, अहो, पावात घालतात ते. तर म्हणे, "पाव तो हम रखतेच नहीं." आता याला काय समजावणार, कपाळ! खाकऱ्याचं पाकीट घेतलं आणि निघाले. आठवडाभर खाकरे खाल्ले. मग नुसता त्याचा कागद वाजला तरी नको व्हायचं. मग चणे-शेंगदाणे. मग चुरमुरे. मग राजगिऱ्याचे लाडू आणि उकडलेली रताळी. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "तुझी काय रोज एकादशी असते का गं?" मी हसले. रोज कुणाकुणाला सांगत बसणार?

नवऱ्याला माहीत होतं. तो म्हणायचा, "एक दिवस खाल्लास तर मरणार नाहीस." एकदा खाल्लासुद्धा अर्धा पाव, त्याच्याच हातचा. दुसऱ्या दिवशी गांधी गळ्यापर्यंत आल्या. त्यानंतर तो काही बोलला नाही, पण त्याचा पाव तो माझ्यासमोर बसून मजेत खायचा. राग यायचा मला. त्याचा नाही, पावाचा यायचा.

सासूबाईंना मात्र आम्ही काही सांगितलं नव्हतं. लग्नात आईनं बजावून ठेवलं होतं, "सासरी अंगावरचं काही दाखवू नकोस. एकदा नाव पडलं की जात नाही." मूल नाही म्हणून एक नाव होतंच. त्यात 'सुनेच्या अंगाला काहीतरी झालंय' हे दुसरं कशाला? पाठ झाकून असायची. मलम ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. सासूबाई मालवणकडच्या, बोलायला फटकळ. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. भांडण असं कधी झालं नाही, पण माया अशीही नव्हती.

महिन्यातून एका रविवारी त्या आंबोळ्या करायच्या. तांदूळ-उडदाचं पीठ रात्रभर फुगलेलं, त्याला तो छान आंबूस वास. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ मी किती खायची याला सुमार नव्हता. त्या घरात त्यांना माझी आवडलेली तेवढी एकच गोष्ट असावी. पथ्य लागल्यावर पहिल्यांदाच तसं ताट पुढे आलं आणि मी म्हटलं, "आई, मला नको."

"आंबोळ्यो नको? तुका?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. आंबवलेलं सध्या नको."

"खयच्या डॉक्टरान?"

"मुलुंडच्या."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तव्यावरची आंबोळी उलटली आणि म्हणाल्या, "रव. उद्या तुका घावने काढतंय."

मला तेव्हा काही कळलं नाही, बाकीचं मागाहून उलगडलं. मुलुंडला ज्या जिन्यानं मी डॉक्टरांकडे जायची, त्याच जिन्यावर पहिल्या मजल्यावर प्रसूतिगृह होतं. आमच्या शेजारच्या वहिनींनी मला तिथून उतरताना बघितलं होतं आणि ते सासूबाईंच्या कानावर घातलं होतं. त्यात माझी पाळी कधीच वेळेवर नसायची, त्या वेळी तर चांगली लांबली होती. आमच्याकडे त्या चार दिवसांत देवाला शिवायचं नाही, त्यामुळे घरात कुणाचं काय चाललंय ते दिव्यावरून कळतं. सासूबाई दिवस मोजत होत्या. मी रोज संध्याकाळी दिवा लावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर पाणी भरलेलं. ताज्या पिठाचे मऊ घावन ताटात, वर ओलं खोबरं. मग रोजच. कधी नाचणीची भाकरी, कधी तांदळाची, कधी गोडाची खांडवी. ऑफिसला न्यायला डब्यात गुळात घोळलेलं मालवणी खाजं, चार वाजता खायला. आंबवलेलं एक कण नाही. जे मला महिनाभर जमलं नव्हतं ते त्या बाईनं दोन दिवसांत लावून टाकलं. "तू निज. पाण्याचा मी बघतंय," म्हणायच्या. मी पाचनंतरही झोपायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मग एकदा नवऱ्यानं पपई आणली. सासूबाईंनी माझ्या हातातली फोड काढून घेतली. "ह्या दिवसांत पपय खायत नाय."

तेव्हा लख्ख कळलं. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एक म्हणजे मी दमले होते आणि कुणीतरी माझं करत होतं. दुसरं म्हणजे, मीही मनातल्या मनात दिवस मोजायला लागले होते. वाटायचं, काय सांगावं, असेलही. खाज निम्म्यावर आली होती. त्या सुमारास मी ऑफिसातल्या खिडकीशी उभी राहून उगाच पोटावर हात ठेवायची. आज लिहितानाही लाज वाटते.

आणि मग एका शुक्रवारी दुपारी ऑफिसातच कळलं की नाही. काही नाही. घरी आले. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"आई, आज दिवा तुम्ही लावा."

आमच्याकडे याहून जास्त काही बोलावं लागत नाही. सूप खाली ठेवून त्या उठल्या. हात धुतले, दिवा लावला. हात जोडून रोजच्यापेक्षा बराच वेळ उभ्या राहिल्या. मी भिंतीला टेकून बसले होते आणि पाठ भयंकर पेटली होती. मी सरळ भिंतीवर पाठ घासायला लागले. आता लपवून तरी काय मिळवायचं होतं?

"काय झाला गो?"

मी वळले आणि पोलकं वर करून दाखवलं.

"ह्या कधीपास्ना?"

"पाच महिने."

"आणि आंबोळ्यो ह्येच्यासाठी बंद?"

"हो."

"माका कित्याक नाय सांगलंस? मी काय वाघ आसंय?" त्या डब्यांची आदळआपट करायला लागल्या. "घरात आमसुलां आसताना खाजयत बसली. मुलुंडाक जाता म्हणे!" वाटीत आमसुलं कोळली आणि माझ्या मागे बसून ते गार पाणी पाठीवर चोळायला लागल्या. शिवाशिव आमच्याकडे देवापुरतीच. त्या चोळत होत्या, बडबडत होत्या, आणि मग बडबड थांबली.

"मगे तां... कायच नव्हता?"

"नाही, आई. मलाही वाटलं होतं. पण नाही."

हात थांबला. त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता.

"नळार मी सगळ्यांका सांगून बसलंय," त्या म्हणाल्या. मग हात पुन्हा फिरायला लागला. "तू कायएक बोलू नको. कोण इचारूक इला, तर माझ्याकडे धाड. मी बघतंय."

सहा वर्षांत मी त्यांच्यासमोर कधी रडले नव्हते. त्या दिवशी रडले, चांगली हुंदके देऊन. त्यांनी समजूत काढली नाही, की गप्प राहा म्हटलं नाही. बराच वेळ चोळत राहिल्या आणि मग माझा पाठीकडे गेलेला हात धरून खाली ठेवला.

"रड गो," म्हणाल्या. "पण खाजयू नको."