झाडाला मोकळी माती

विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यात पेव्हर ब्लॉक बसवत होते. कामावर दुष्काळी जतकडची, पन्नाशीतली एक बाई होती. ब्लॉक ठेवला की रबरी हातोडीचे दोन ठोके द्यायची आणि डोळा बारीक करून ओळ बघायची. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

काम माझ्या फाटकासमोरच्या कडुनिंबापाशी आलं. मुकादम म्हणाला, "बुंध्याला भिडवून घ्या, फटीत सिमेंट ओता."

तिनं बुंध्याभोवती हातभर माती मोकळी सोडली आणि पलीकडनं ब्लॉक लावायला घेतले.

"आवं मावशी, सांगितलेलं कळतंय का? उद्यापासनं येऊ नका मग!"

"न्हाई येत," ती हातोडी न थांबवता म्हणाली. "आमच्याकडं टँकर आला तरच पाणी. हितं आभाळातनं पडतंय, तर जमिनीत शिरायला त्येला वाट नको व्हय?"

मी इतका वेळ फाटकात गप्प उभा होतो. लाज वाटून पुढं झालो. "राहू द्या तसंच. माझ्या दारातलं झाड आहे."

मुकादम पुटपुटत निघून गेला. ती माझ्याकडं वळली. "फुडं अजून पाच झाडं हायत, साहेब. त्या दारांत कोन बोलणार?"

दुसऱ्या दिवशी ती कामावर नव्हती. मी एकेका घराची बेल वाजवली. चार घरं माती मोकळी सोडायला तयार झाली. पाचव्याला कुलूप होतं. सिमेंटची पाटी तिकडं निघाली, तेव्हा मी त्या झाडाला पाठ लावून उभा राहिलो.