एकतीस मेची डाइव्ह

लेफ्टनंट कमांडर गुलाब पावरा आणि मी एकाच दिवशी निवृत्त झालो. कागदावर आमचा जन्मही एकाच दिवशी झाला होता, एक जूनला. त्यात नवल नाही. आमच्या पिढीचा अर्धा नंदुरबार जिल्हा एक जूनलाच जन्मला आहे. शाळेत नाव घालताना गुरुजी तारीख विचारायचे, घरचे एकमेकांकडे बघायचे आणि गुरुजी शाळा उघडायच्या महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे.

मी कोरीटचा. माझी आई मरेपर्यंत कुरकुरायची, "तू ते दिवाळीना पाडवाले जन्मना व्हता. जून कथाईन उना?" गुलाब वर सातपुड्यात, धडगावच्या पुढचा. त्याच्या आईला साल सांगता येत नव्हतं, पण महू, म्हणजे मोहाची फुलं, पडत होता आणि धाकटी नणंद त्याच वर्षी सासरी गेली होती, हे पक्कं आठवत होतं. नणंदेच्या लग्नावरून हिशेब लावला तर गुलाब कागदापेक्षा दोन वर्षांनी लहान निघायचा. आश्रमशाळेच्या गुरुजींनी अंगाने थोराड पोरगा बघून त्याला दोन वर्षं बक्षीस दिली होती.

ही बक्षिसी नौदलात महागात पडते. आम्ही दोघं खलाशी म्हणून भरती झालो. मग डायव्हर, आणि पुढे परीक्षा देऊन खालच्या रँकमधून ऑफिसर. आमच्यासारख्यांची वेगळी यादी असते, स्पेशल ड्यूटीज. एकाच कामातले तज्ज्ञ. पाण्याखालचं काम अडलं की सगळ्यांना आमची आठवण येते. प्रमोशनच्या वेळी मात्र यादी आखूड आहे हे समजावून सांगतात. आमचं निवृत्तीचं वयही ठरलेलं. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो. म्हणजे आम्ही एकतीस मेला. पगारवाढ लागते जुलैत. वर्षभर राबायचं आणि वाढ दारात आलेली असताना निघायचं. गुलाबने जन्मतारीख दुरुस्त करायला अर्ज दिला होता. उत्तर आलं की असा अर्ज नोकरीच्या सुरुवातीलाच करायला हवा होता. सुरुवातीला त्याला हिंदीचे तीन शब्द येत नव्हते.

"बापू," तो मला म्हणायचा, "दोन्हीसना वाढदिवस एक, पेन्शनबी एक. आते म्हातारपण तेवढं येगळं येगळं काढूत." गावात मला सगळे बापू म्हणतात. ते नाव त्याने नौदलात आणलं.

डायव्हरांची एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्याने शेवटच्या दिवशी जेट्टीखाली उतरायचं आणि तळाचा मूठभर चिखल वर आणायचा. कमरेच्या दोरीचं वरचं टोक त्याच्या जुन्या जोडीदाराने धरायचं. गढूळ पाण्यात डायव्हरला काही दिसत नाही आणि वरच्यालाही काही दिसत नाही. दोघांमध्ये बोलणं फक्त दोरीचं. एक झटका म्हणजे ठीक आहेस का. उलट एक झटका आला की ठीक आहे. चार झटके म्हणजे वर ये. वरच्याने दोरीवरून हात काढायचा नाही, नाकावर माशी बसली तरी नाही.

त्या सकाळी आम्ही चार्ज दिला, सह्या केल्या आणि जेट्टीवर गेलो. वयामुळे खोल पाण्यातलं काम आमचं आधीच बंद झालं होतं. पण जेट्टीखालचं पाणी उथळ, आणि डॉक्टरांनी हसत परवानगी दिली होती. आधी मी उतरलो, गुलाबने दोरी धरली. मग तो उतरला, मी धरली.

जेट्टीच्या पलीकडच्या बाजूला एक जहाज उभं होतं. त्याच्या तळाच्या पंख्यात मासेमारीचं जाळं अडकलं होतं आणि पेटी ऑफिसर सेल्वन ते कापायला खाली गेला होता. त्या कामावर एक कमांडर सुपरवायझर होते. नाव सांगत नाही. आता ते बरेच वर आहेत.

गुलाब वर आला तेव्हा मूठ मिटलेली होती. शिडीला धरून त्याने चिखल माझ्या हातात थापला. मास्क वर करून म्हणाला, "धर बापू, हाई मन्हं पेन्शन."

मी हसत होतो, तेवढ्यात पलीकडे आरडाओरडा झाला. सेल्वनची दोरी हलत नव्हती. स्टँडबाय डायव्हर उतरला आणि लगेच वर आला. कानातून रक्त येत होतं. दुसरी टीम बोलावली होती, ती बंदराच्या दुसऱ्या टोकाला. कमांडर धावत आमच्या बाजूला आले.

"गुलाब, सेल्वन फँसा है. तुम पास हो. जाओ!"

"आय आय, सर."

मी विचारलं, "हवा कितली शे?"

"पुरी जाई."

चिखल खिशात कोंबून मी दोरी घट्ट धरली, सोडत सोडत जेट्टीच्या टोकावरून पलीकडे गेलो. दोरी जहाजाखाली शिरली. थांबली. मी एक झटका दिला. उलट एक आला. मग बराच वेळ दोरी थरथरत होती. तो कापत होता, हे हाताला कळत होतं. थरथर थांबली आणि सेल्वनचं डोकं पाण्यावर आलं. मास्क नव्हता, ओठ निळे होते, पण खोकत होता. जो खोकतो तो जगतो.

मी चार झटके दिले. खालून चार आले. कळलं, येतोय.

दोरी दोन हात वर आली. मग अडली. मी पुन्हा चार दिले. पुन्हा. काही आलं नाही.

दुसऱ्या टीमने त्याला वर काढलं तेव्हा कापलेल्या जाळ्याचा एक पीळ त्याच्या पायात होता. सिलिंडर रिकामं होतं. डॉक्टरांनी प्रयत्न केले. मी दोरी धरून उभाच होतो. शेवटी कोणीतरी माझी बोटं एक एक करून सोडवली.

इथपर्यंतचं दुःख मला मान्य आहे. आमच्या धंद्यात पाणी कधीतरी माणूस घेतं, हे पत्करूनच आम्ही उतरतो. पुढचं मान्य नाही.

चौकशी बसली. कमांडर म्हणाले, "मी त्यांना परिस्थिती सांगितली. जा असं म्हणालो नाही. ते आपणहून गेले." स्टँडबाय डायव्हरला हॉस्पिटलात नेत होते. सेल्वन पाण्याखाली होता, त्याची दोरी धरणारा पलीकडच्या बाजूला. ऐकणारा उरलो मी एकटा. मी सांगितलं, "सर, गुलाब 'आय आय, सर' म्हणाला. नौदलात हे उत्तर फक्त हुकमाला देतात. परिस्थितीला कोणी आय आय म्हणत नाही."

अध्यक्षांनी मला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही चार्ज दिला होता?"

"सकाळीच दिला होता, सर."

"मग त्या वेळी तुम्ही जेट्टीवर कोणत्या कामावर होता?"

आयुष्य पाण्यात घातल्यावर माणूस जेट्टीवर पाहुणा ठरतो, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

निकाल आला. कामाची जबाबदारी नसताना, डायव्हिंगची वैद्यकीय श्रेणी नसताना, स्वेच्छेने. म्हणून मृत्यू ड्यूटीवर नाही. मग बायकोला विशेष कुटुंब पेन्शन नाही, कोणत्याही निवृत्त ऑफिसरच्या विधवेला मिळते ती साधी. आणि डायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर ड्यूटीवर गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत, तिथे गुलाब नाही. दोन्ही अपिलं फिरून आली. नियमाप्रमाणे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो नौदलाचाच होता, हे मी प्रत्येक वेळी लिहिलं. उत्तरात माझ्या दुःखाबद्दल सहानुभूती असायची. राग येतो. अजून येतो. खोटं बोलणाऱ्याला बढती मिळते आणि खरं सांगणाऱ्याला सहानुभूती.

गुलाबची बायको दिवलीबाई. शेती करते, मोहफुलं वेचते, सासूला सांभाळते. मी निकाल सांगायला वर गेलो तेव्हा तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "बापू, त्यासले जाय म्हने का नही म्हने?"

"जाय म्हने."

"तुमनी ऐकं?"

"मी ऐकं."

"मंग ते हापिसवर राहू द्या. आमना दगडवर आपन लिखसूत."

त्यांच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने गावाबाहेर दगड उभा करतात, त्यावर चित्र रंगवतात. पुढच्या वर्षी गुलाबचा दगड बसवला. रंगाऱ्याने घोडेस्वार काढायला घेतला होता. दिवलीबाईने तो पुसायला लावला आणि माणूस काढायला सांगितला, कमरेला दोरी असलेला. दोरी दगडाच्या वरच्या काठापर्यंत जाते आणि तिथे संपते. अक्षरं माझ्याकडून लिहून घेतली. जन्मतारखेपाशी मी थांबलो. गुलाबची म्हातारी म्हणाली, "महू पडी ऱ्हायना व्हता, तेच लिख." तेच लिहिलं. त्याखाली: पाणबुड्या. ड्यूटीवर गेला.

सेल्वन सुट्टी काढून आला होता, दोन रेल्वे आणि एक जीप बदलून. युनिफॉर्म घालून उभा राहिला. परवानगी घेतली होती का, ते मी विचारलं नाही. वर्दीतला तो एकटाच होता. दगडाच्या पायाशी मी तो चिखल टाकला. वाळून त्याची माती झाली होती. डब्यात जपून ठेवली होती.

आता नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनवाल्यांना जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. दिवलीबाई जीपने खाली येते, मी कोरीटहून येतो, आणि नंदुरबारच्या बँकेत आम्ही शेजारी शेजारी बसतो. यंदा काउंटरवर नवी मुलगी होती. चांगली होती, आदराने बोलत होती. दिवलीबाईचा अंगठा घेताना तिने सहज विचारलं, "आजी, बाबा रिटायर ऑफिसर होते ना?"

दिवलीबाईने अंगठा पदराला पुसला.

"तो रिटायर नही व्हयना, पोरी," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "रिटायर हाऊ बापू व्हयना."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली आणि माझा अंगठा पुढे केला.