अर्शियाच्या कंप्युटरला प्रिंटर

हिमायतनगरात माझं शिलाईचं दुकान आणि जलीलभाईंचं झेरॉक्सचं दुकान, मध्ये एकच पातळ भिंत. पलीकडचं खोकलणंसुद्धा मला ऐकू येतं. माणूस भोळा. गिऱ्हाईक चुकीचा कागद घेऊन आलं, तर त्यालाच चहा पाजून परत पाठवणारा.

दुकानाचा खरा कारभार त्यांची मुलगी अर्शिया बघायची. लातूरला कंप्युटर शिकून आली आणि आल्याआल्या दुकानातल्या रडक्या मशीनमधून विंडोज काढून तिनं लिनक्स नावाची दुसरी, फुकटची सिस्टिम टाकली. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणारे व्हायरस थांबले, जुनं मशीन तुरुतुरु चालायला लागलं. बापाची थट्टा म्हणून तिनं आणखी एक करून ठेवलं होतं. मशीन सुरू केलं की पडद्यावर आधी मोठ्या अक्षरांत यायचं, ‘अब्बा, चाय पिये क्या?’

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं ती गेली. हसती-बोलती पोर. लिहितानाही मला राग येतो, कुणावर ते कळत नाही.

तेव्हापासून तिची आई, बेगमबी, रोज सकाळी चहाचा कप घेऊन दुकानात यायच्या. जलीलभाई मशीन सुरू करायचे, पडद्यावर प्रश्न उमटायचा आणि बेगमबी कप त्यांच्या हातात द्यायच्या. त्याशिवाय दोघांचा दिवस सुरू व्हायचा नाही.

ऐन लग्नसराईत जुना प्रिंटर कायमचा बसला. अर्शियानं बापाला कधीचं बजावून ठेवलं होतं, की दिसला तो प्रिंटर उचलायचा नाही. काहींचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून आधी लिनक्सचं विचारायचं. जलीलभाई तेच विचारत नांदेडची दुकानं फिरले. एकानं हसण्यावारी नेलं. दुसरा म्हणाला, “चाचा, विंडोज टाकून देतो की!” जलीलभाई हात जोडून बाहेर पडले.

शेवटी मला म्हणाले, “ताई, मशीनच घेऊन जातो. जोडून बघायचं, कागद निघाला तर घ्यायचा. बैल न चालवता घेतेत का कुणी?”

चादरीत गुंडाळलेला कंप्युटर मांडीवर घेऊन ते बसनं नांदेडला गेले. एका दुकानदारानं खुर्ची दिली, पाणी दिलं, शाईच्या टाकीचा एक इंकजेट प्रिंटर खोक्यातून काढला. शुक्रवार होता, जुम्म्याच्या नमाजची वेळ झाली. “तोवर जोडून बघा,” असं सांगून जलीलभाई मशिदीत गेले. ज्यानं न मागता पाणी दिलं, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कुणावर?

परत आले तेव्हा प्रिंटरमधून रंगीत पान बाहेर येत होतं. दुकानातला दुरुस्तीवाला खुशीत होता.

“चाचा, तुमचं मशीन लई बिघडलं होतं. सुरू केलं की चहा पिला का विचारून राहिलं होतं! म्हटलं, व्हायरसच हाय. सगळं पुसून नवीन विंडोज टाकून दिलं. आता कोणताबी प्रिंटर लावा.”

समोरच्यानं भलंच केलं होतं. जलीलभाई “शुक्रिया” म्हणाले आणि कंप्युटर पुन्हा चादरीत बांधला. मला विचाराल तर न विचारता भलं करणाऱ्यांचा तेव्हापासून तिटकारा आलाय.

संध्याकाळी त्यांनी मला सगळं सांगितलं, घरी मात्र काही बोलले नाहीत. प्रिंटरचं रिकामं खोकं माझ्या दुकानात ठेवून गेले. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं, हा प्रिंटर कशाकशावर चालतो ते. विंडोजच्या खाली, अगदी शेवटी, लिनक्सही होतं. काही न पुसताही तो चालला असता. मी ते खोकं फाडून चुलीत घातलं. जलीलभाईंना आजतागायत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जलीलभाईंनी दुकान उघडलं. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, नवाच कुठला तरी. मग बेगमबी कप घेऊन आल्या. माझा पाय शिलाई मशीनवर तसाच थांबला.

“आज पूछी नै उने?” बेगमबींनी विचारलं.

जलीलभाई म्हणाले, “पूछी ना. तू आने के पहलेच पूछी.”

बेगमबींनी कप त्यांच्या हातात दिला असावा, कारण चहाचा एक घोट मला ऐकू आला. दुसरा आला नाही. जलीलभाई रडत होते.