चाचांचं आडनाव

काहीही विचारलं की चाचा आधी गाडीचा आरसा नीट करायचे आणि मगच उत्तर द्यायचे. आरसा मुळात बरोबरच असायचा. घाई केली तर म्हणायचे, "आराम से, साब. रोड किधर भाग के नहीं जाता."

आमच्या मस्कतच्या कंपनीचे ते ड्रायव्हर. ओमानी, उंच, काळेभोर, साठीला टेकलेले. हिंदी माझ्याहून सरस, पण त्यात फार मोठं कौतुक नाही. तुम्हीही असे ड्रायव्हर पाहिले असतील, ज्यांना साहेबाच्या घरातलं सगळं ठाऊक असतं आणि साहेबाला त्यांचं काहीच ठाऊक नसतं.

खरं तर असं काहीच ठाऊक नसणं माझ्या स्वभावाविरुद्ध होतं. भेटेल त्याला आडनाव विचारणं हा माझा जुना छंद. मंडळाच्या गणपतीत नवा चेहरा दिसला, की तीन प्रश्नांत मी त्याचं गाव, तालुका आणि एखादा मामेभाऊ शोधून काढतो. "तू जनगणनेत नोकरी करायला हवी होतीस," असं बायको म्हणते, पण हसत नाही. तिला कारण माहीत आहे. आम्ही बौद्ध. नोकरीच्या सुरुवातीला मी पुण्यात खोली शोधत होतो, तेव्हा मालकीणबाई आधी आडनाव विचारायच्या आणि मग खोली नेमकी कालच गेलेली असायची. शेवटी मी गॅझेटमध्ये नाव बदललं, गावाच्या नावाला 'कर' जोडला आणि चौथी खोली मिळाली. तेव्हापासून एक कळलं: आपण आधी विचारलं की आपल्याला कुणी विचारत नाही. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. पाहुण्यांना ती शोभेची वाटते. आम्ही वाटू देतो.

२०१३ च्या हिवाळ्यात एका शुक्रवारी चाचांनी आम्हाला बातिनाच्या किनाऱ्याजवळची एक जुनी खजुराची बाग दाखवली. म्हणजे मीच हट्ट धरला. त्यांनी दोनदा सांगून पाहिलं होतं, "दूसरा बगीचा अच्छा है, साब." पण मी कुठेतरी वाचलं होतं, की हीच बाग सगळ्यांत जुनी.

फाटकावरची पाटी मी एकेक अक्षर लावून वाचली. मस्कतच्या चौदा वर्षांत एवढीच अरबी कमावली होती. चाचांच्या ओळखपत्रावरचं कुळाचं नाव अगदी तेच.

"चाचा, ये तो आपका ही बगीचा निकला. छुपा के रखा था?"

चाचांनी गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

आत सावलीला चटईवर बागेचे म्हातारे मालक बसले होते. मी थेट त्यांच्यापुढे गेलो आणि मोडक्यातोडक्या अरबीत सांगून टाकलं, की हे तुमचे भाऊबंद. म्हाताऱ्यांनी चाचांकडे जरा वेळ पाहिलं आणि आम्हाला बसायची खूण केली. आम्ही बसलो. चाचा बसले नाहीत. त्यांनी कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली उचलली आणि उभ्यानेच एकेकाच्या कपात ओतू लागले. मी बायकोला म्हणालो, "बघ, घरचा माणूस."

मागच्या बाजूला विझलेली भट्टी होती, वर रांजणाएवढी तांब्याची भांडी. माझी मुलगी तेव्हा आठवीत. तिनं विचारलं, "चाचा, यहाँ क्या पकाते थे?"

"खजूर उबालते थे, बेटी. फिर सुखा के जहाज में इंडिया भेजते थे."

"अगं बाई, खारीक," बायको म्हणाली. "आपल्या डिंकाच्या लाडवातली."

"हाँ, मैडम. जहाज में माल जाता था, और अफ्रीका से आदमी आता था. सूर बंदर में उतारा, इधर बेचा. मेरा दादा ऐसा ही आया. बाप इसी भट्टी पे काम किया." मग मुलीकडे बघून ते शांतपणे म्हणाले, "जिसने खरीदा, उसका नाम. बाद में छोड़ दिया, नाम रह गया."

मी पायांकडे बघत राहिलो. ज्या दारातून त्यांना जायचं नव्हतं तिथून मी त्यांना हौसेनं आत आणलं होतं, त्या म्हाताऱ्यांपुढे उभं केलं होतं आणि वर नातंही जोडून दिलं होतं.

"पप्पा," मुलगी म्हणाली, "आपलं आडनाव कुठून आलं?"

आता चाचाही माझ्याकडे बघत होते. त्यांनी नुकताच आपला बाप आमच्यासमोर उभा केला होता. मला फक्त चार शब्द बोलायचे होते.

"गावाचं नाव आहे, बाळा. बाकी काही नाही." आणि गरज नसताना ते चाचांना हिंदीतही सांगितलं.

"अच्छा है, साब," चाचा म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी कुणालाच काही विचारलं नाही. पुढेही चाचा पूर्वीसारखेच वागले, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला. ते निवृत्त झाले तेव्हा भाषण अर्थातच मी केलं. लोक पोट धरून हसले. जे बोलायचं होतं ते त्यात नव्हतं.

त्या बागेनंतर चार वर्षांनी मुलगी कॉलेजसाठी पुण्याला निघाली. खोली शोधायची होती, म्हणून मला आडनावाचं सगळं सांगणं भाग पडलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"चाचांना सांगितलंस?"

"नाही."

"मग आत्ता कर फोन." तिनंच नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून आमच्यामध्ये ठेवला.

पलीकडे चाचांचा मुलगा होता. वडील रमजानच्या आधीच गेले, म्हणाला. मी जे म्हणतात ते म्हटलं.

"कुछ काम था, साब?"

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"नहीं, बेटा," मी म्हणालो, "काम कुछ नहीं था."