न शिकवलेली जागा

पेपरात अर्ध्या पानाचा फोटो आला त्या दिवशी खर्जूनं तीन काचा वाया घालवल्या. एरवी अख्ख्या वर्षात तीन जायच्या नाहीत. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो सव्वीस वर्षं काचा घासत होता. काचेच्या मध्यावर शाईचा ठिपका द्यायचा, चाकावर पाण्याची धार सोडायची आणि फ्रेमच्या मापानं कड उतरवायची. हात इतका बसलेला की जाड नंबराच्या काचा मालक दुसऱ्या कुणाकडे देतच नसत. त्या दिवशी मात्र कड उतरवताना नजर सारखी पेपरकडे जाई, आणि काच मापापेक्षा लहान होऊन बसे.

फोटोत चौघं होते. ज्याच्या बँडनं मैदानंच्या मैदानं भरून टाकली तो पिकल्या केसांचा गिटारवाला. दुसऱ्या एका गाजलेल्या बँडची ड्रमवाली. तिसऱ्या बँडचा बेसवाला, जो झोपतानाही टोपी काढत नाही असं लोक म्हणत. आणि या तिघांच्या बरोब्बर मधे, बत्तीशी दाखवत, खर्जूचा मेहुणा. चार बँडमधली चार नावाजलेली माणसं एकत्र येऊन नवा बँड काढताहेत, अशा बँडला सुपरग्रुप म्हणतात, असं खाली समजावून लिहिलं होतं. मेहुणा ज्या बँडचा गायक होता त्याचंही नाव होतं. तो बँड काढला कुणी, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं होतं.

काढला होता खर्जूनं. बेस गिटारवर खालचे जाड सूर वाजवतो म्हणून दोस्तांनी त्याचं नाव खर्जू पाडलं, ते दुकानापर्यंत पोचलं आणि खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं. लग्नाला वर्ष झालं नसेल, तेव्हा बायकोनं लाडीगोडी लावली होती, "माझ्या भावाचा गळा चांगला आहे हो. घ्या ना त्याला तुमच्यात." खर्जूनं घेतला. एकोणीस वर्षं तो जो भेटेल त्याला सांगत आला, "मी घेतला म्हणून, नाहीतर पोरगं आज कुठंतरी तिकिटं फाडत बसलं असतं." मग एक गाणं रेडिओवर लागलं, पोराचा आवाज घराघरांत गेला. बँडमधल्या बाकीच्यांना मात्र गल्लीतलं कुत्रंही ओळखेना.

आणि आता बँडला म्हणे थोड्या दिवसांची सुट्टी.

मेहुण्याचा हेवा खर्जूला नवा नव्हता. तो एकोणीस वर्षांत गिळून गिळून अंगवळणी पडला होता. या वेळची पोटदुखी टोपीवाल्यामुळे होती. स्टेजवर मेहुण्याच्या उजव्या बाजूला, दोन पावलं मागं, ही जागा खर्जूची होती. पेपरातल्या फोटोत तिथं तो टोपी घालून उभा होता.

"तुम्हाला आनंद झालेला दिसत नाही," बायको म्हणाली.

"झालाय की."

"मग तोंड असं का, काच गिळल्यासारखं?"

तिनं फोटो कापून कपाटाच्या दारावर चिकटवला. आता शर्ट काढायचा म्हटलं तरी टोपीवाल्याचं दर्शन घेणं आलं.

आठवड्यानं मेहुण्याचा फोन आला. पहिल्या कार्यक्रमात प्रत्येकाच्या बँडचं एकेक जुनं गाणं घ्यायचं ठरलं होतं. यांच्याकडचं अर्थातच ते रेडिओवालं. "भावजी, रेकॉर्डवर बेस नीट ऐकू येत नाही. आमचे बेसवाले म्हणतात, ज्यानं वाजवलंय त्याच्याकडूनच शिकेन. चार दिवस याल का? मी नसेन, मुलाखती आहेत. शेवटच्या दिवशी येतो."

खर्जूनं आधी नाही म्हणायचं ठरवलं, आणि हो म्हणाला.

तालमीची खोली एका फर्निचरच्या गोदामावर होती. खिडक्यांना गाद्या ठोकलेल्या, जमिनीवर वायरींचा गुंता. मोठ्या माणसांचं मोठं काम बघायला मिळेल असं खर्जूला वाटलं होतं. बघायला मिळाल्या त्या एका स्वयंपाकघरातल्या दोन सासवा. गिटारवाल्यानं पाठ फिरवली की ड्रमवाली जरा जोरात हाणायची. तिला कमी ऐकू येतं म्हणून गिटारवाला आवाज चिमूटभर वाढवायचा. दुपारपर्यंत कुणालाच काही ऐकू येईना. खर्जूला फार बरं वाटलं.

टोपीवाला तेवढा कुणाच्या अध्यात नव्हता. तो खर्जूसमोर स्टूल ओढून बसला, त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि वही उघडली. डोक्यावर एक केस नव्हता. "टोपी असली की माझं शिकण्यात लक्ष लागत नाही," तो म्हणाला. एकेक सूर विचारून घ्यायचा, चुकला की "माझंच चुकलं" म्हणायचा. दुसऱ्या दिवशी चहा आणला तोही खर्जूला आधी. या माणसाला थोडा माज असता तर खर्जूचं काम किती सोपं झालं असतं. नीट वागणाऱ्या माणसाला पाण्यात पाहायला दुप्पट मेहनत लागते.

पण खर्जूकडे एक गोष्ट हातची राखलेली होती.

ते गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा सगळ्यांच्या कानांत यंत्राची टिकटिक होती, त्यामुळे रेकॉर्डवर ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ जातं. स्टेजवर तसं नव्हतं. शेवटच्या कडव्याआधी "दूर" असा एक शब्द येई, आणि मेहुणा तो दीड मात्रा जास्त धरून ठेवी. सगळी वाद्यं गप्प. खर्जू मेहुण्याच्या उजव्या खांद्याकडे बघत राही, खांदा खाली आला की खालचा जाड सूर लावी, आणि लोक तिथं हमखास टाळ्या देत. ही जागा कुठं लिहिलेली नव्हती. ती दोघांची होती. मेहुण्याला अख्खं जग घेऊन गेलं तरी त्या दीड मात्रेत तो आपल्यासाठीच थांबतो, असं खर्जू मनाशी म्हणत असे आणि त्यावर गुजराण करत असे.

तिसऱ्या दिवशी टोपीवाल्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. "आणि इथं? शेवटच्या कडव्याआधी?"

"सरळ," खर्जू म्हणाला. "रेकॉर्डवर आहे तसं."

टोपीवाल्यानं वहीत 'सरळ' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

घरी जाताना खर्जूनं पुढचं सगळं चित्र रंगवून टाकलं. मेहुणा शब्द धरणार, टोपीवाला मधेच धाडकन घुसणार, ड्रमवालीच्या भुवया वर जाणार. मग मेहुणा म्हणणार, ही जागा भावजींशिवाय कुणाला जमायची नाही. त्यापुढं काय होणार ते खर्जूनं फार ताणलं नाही, पण पेपरातल्या फोटोत कोण कुठं उभं असेल ते ठरवून झालं होतं.

शेवटच्या दिवशी मेहुणा आला. बायकोही थर्मास घेऊन आली, भावाचं कौतुक बघायला. गाणं सुरू झालं. शेवटचं कडवं जवळ येत गेलं तशी खर्जूनं ड्रमवालीच्या भुवयांवर नजर लावली. मेहुण्यानं "दूर" म्हटलं, टोपीवाल्याचा सूर त्याच क्षणी खाली येऊन बसला, आणि मेहुणा कुठंही न अडता पुढच्या ओळीवर गेला. कुणी थांबलं नाही. गाणं संपलं तेव्हा ड्रमवाली स्वतःशीच हसत होती. एकोणीस वर्षांत ते गाणं इतकं चांगलं कधी झालं नव्हतं, हे खर्जूच्या कानांनी त्याला न विचारताच मान्य केलं.

बाहेरच्या बोळकांडीत मेहुण्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "भावजी, बरं केलंत, त्यांना तिथं थांबायला शिकवलं नाहीत ते. मला धाकधूक होती."

"का?"

"अहो, ते तुमच्यासाठी होतं ना. पहिल्या कार्यक्रमात तुमचा हात अडला, म्हणून मी शब्द धरून ठेवला. दुसऱ्यात पुन्हा अडला. मग धरतच गेलो. ताईनं सांगितलं होतं, सांभाळून घे त्यांना." मेहुणा हे सहज बोलून गेला. खर्जूला हे ठाऊकच असणार, असा त्याचा समज होता.

बायको थर्मासचं झाकण लावत होती. "केवढी जुनी गोष्ट," ती म्हणाली. झाकण लागलं होतं तरी ती फिरवतच राहिली.

खर्जूला तो खांदा आठवला. खांदा उतरला की आपण वाजवतो, असं तो समजत आला होता. आपलं वाजलं की खांदा उतरत होता.

तेवढ्यात टोपीवाला बाहेर आला. "उद्याच्या कार्यक्रमात हे एक गाणं तुम्ही वाजवा," तो म्हणाला. "मी मागं उभा राहतो. कुणाचं आहे ते लोकांना कळू दे." त्याच्या बोलण्यात तिरकस काही सापडतंय का, ते खर्जूनं नीट शोधलं. सापडलं नाही. वर्षानुवर्षं हवं होतं ते असं फुकट पुढ्यात आलं, तर नाही कसं म्हणणार? तो हो म्हणाला. मग मेहुण्याला बाजूला घेऊन त्यानं बजावलं, "उद्या माझ्यासाठी थांबायचं नाही. सरळ जायचं."

"बरं, भावजी."

संध्याकाळी पाचला, चांगल्या लख्ख उजेडात, मैदान माणसांनी फुललं होतं. खर्जू मेहुण्याच्या उजव्या बाजूला, दोन पावलं मागं उभा राहिला. टोपीवाला आणखी मागं, स्पीकरच्या आडोशाला, पुढच्या गाण्यासाठी गिटार गळ्यातच ठेवून. पहिल्या रांगेत बायको होती. खर्जूनं ठरवलं होतं की खांद्याकडे बघायचंच नाही. तो आपल्या बोटांकडे बघत राहिला आणि मनात मात्रा मोजत राहिला. पहिलं कडवं, दुसरं कडवं, सगळं जागच्या जागी.

"दूर," मेहुण्यानं म्हटलं आणि शब्द दिल्याप्रमाणे पुढं निघाला.

खर्जूचं बोट तारेवर होतं. मात्रा त्याला कळली, डोळ्यांसमोरून जाताना दिसली, आणि बोट हललं नाही. तरीही सूर आला. खालचा, जाड, अचूक वेळेवर. मैदानभर टाळ्या उठल्या. बायको उभी राहून दोन्ही हात वर करून वाजवत होती. दीड मात्रेनंतर खर्जूचं बोट हललं आणि तो त्या सुरात सामील झाला.

त्यानं मागं पाहिलं. टोपीवाल्याची तार अजून थरथरत होती, आणि तो मुद्दाम दुसरीकडे, ड्रमवालीकडे बघत होता.

मेहुणा गाता गाता वळला. त्याचा चेहरा आनंदानं उजळला होता. माईक बाजूला करून तो म्हणाला, "बघा भावजी, जमलं की तुम्हाला."

खर्जूनं हो म्हणून मान हलवली.